दोनशें शहाण्णव मतें आणि त्रेपन्न मिनिटें

निवडणुकीचा निकाल म्हणजे मतांची बेरीज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ज्याच्या पारड्यांत अधिक मतें पडलीं तो विजयी, ज्याच्या पारड्यांत कमी पडलीं तो पराभूत. मतमोजणीच्या दालनांतून आंकडा बाहेर आला, गुलाल उधळला गेला, कीं प्रकरण संपलें असें आपण समजतों. परंतु बेरीज बिनचूक असूनहि निकाल रद्द ठरूं शकतो, ही गोष्ट जालना शहरानें साऱ्या देशास दाखवून दिली आहे. आमच्या व्यापारी वाचकांस ह्याचा उलगडा करून सांगावयास नको. रोजकीर्दींतील आंकड्यांची बेरीज कितीहि बरोबर आली, तरी जी रक्कम त्या दिवशीं त्या खात्यांत मांडावयासच नको होती ती मांडली गेली असेल, तर तो हिशेब खरा आहे असें कोणताहि प्रामाणिक मुनीम म्हणणार नाहीं. जालना विधानसभा मतदारसंघाचा सन २०१४ चा निकाल हा असाच एक हिशेब होता. आणि तो तपासून होईपर्यंत पेढीचें सालच उलटून गेलें, ही त्यांतील खरी विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. त्या वर्षीं १५ ऑक्टोबर रोजीं महाराष्ट्रांत मतदान झालें व १९ ऑक्टोबर रोजीं मतमोजणी झाली. जालन्यांत शिवसेनेचे श्री. अर्जुन पंडितराव खोतकर ह्यांस ४५,०७८ व काँग्रेसचे श्री. कैलास गोरंट्याल ह्यांस ४४,७८२ मतें पडलीं. अंतर अवघें २९६ मतांचें. दोघांच्या मतांची बेरीज नव्वद हजारांच्या घरांत जाते. तींत २९६ म्हणजे हजारीं तीनांहून किंचित् अधिक. हे दोघेहि गृहस्थ जालन्यास नवीन नव्हते. १९९० पासून ह्या मतदारसंघाची जागा ह्या दोघांवांचून तिसऱ्याकडे गेलेली नाहीं. १९९०, १९९५ व २००४ सालीं श्री. खोतकर, १९९९ व २००९ सालीं श्री. गोरंट्याल, अशी ही आलटापालट चालत आलेली होती. अशा तोलामोलाच्या लढतींत २९६ मतांचा निकाल लागला, ह्यांत नवल कांहीं नाहीं. नवल पुढेंच आहे.

वाचकांस स्मरत असेल कीं, ती निवडणूक मोठ्या धांदलीची झाली. २५ सप्टेंबर २०१४ रोजीं शिवसेना व भारतीय जनता पक्ष ह्यांची युति तुटली, आणि त्याच दिवशीं काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस ह्यांची आघाडीहि मोडली. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस २७ सप्टेंबर. म्हणजे जेथें काल दोन उमेदवार पुरे होते तेथें चार हवे झाले, आणि हातीं दिवस राहिले दोन. पक्षाचीं पत्रें, शपथपत्रें, सूचकांच्या सह्या, अनामत रकमेची पावती, ह्या सर्वांची जुळवाजुळव करतां करतां राज्यांतील सर्वच पक्षांची त्रेधा उडाली.

सन १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ३३ व्या कलमाप्रमाणें उमेदवारी अर्ज सकाळीं ११ पासून दुपारीं ३ पर्यंतच द्यावा लागतो. श्री. खोतकर ह्यांचे पूर्वींचे अर्ज सदोष होते व सुधारलेले अर्ज त्या दिवशीं ३ वाजून ५३ मिनिटांनीं अधिकाऱ्यांच्या हातीं पडले, असा प्रतिपक्षाचा आरोप होता. दुसऱ्याच दिवशीं, २८ सप्टेंबर रोजीं, सकाळीं ११ वाजतां श्री. गोरंट्याल ह्यांनीं तशी लेखी हरकत निवडणूक अधिकाऱ्यांकडे नोंदविली. त्याच दिवशीं सायंकाळीं ५ वाजतां ती फेटाळण्यांत आली. अर्ज वेळेंतच आले आहेत असा हुकूम झाला. एवढ्यावर तो प्रश्न त्या घटकेपुरता मिटला आणि मतदान झालें.

येथें कोणी विचारील कीं, हरकत जर खरी होती तर लागलीच न्यायालयांत कां गेले नाहींत? त्याचें उत्तर आमच्या राज्यघटनेंत आहे. घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाप्रमाणें निवडणुकीस आव्हान द्यावयाचें तें निवडणूक संपल्यावर निवडणूक अर्जाच्या द्वारेंच द्यावें लागतें, मध्यें नाहीं. सन १९५२ मध्येंच पोन्नुस्वामी ह्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हा नियम पक्का केला. तेंहि प्रकरण उमेदवारी अर्जाचेंच होतें. नियम शहाणपणाचा आहे. प्रत्येक हरकतीगणिक न्यायालयानें मनाईहुकूम काढावयाचें ठरविलें, तर देशांत एकहि निवडणूक वेळेवर पार पडणार नाहीं. परंतु ह्या नियमाची एक दुसरी बाजू आहे आणि तीच बहुधा विसरली जाते. कायदा नागरिकास सांगतो कीं, "आतां थांब; निवडणूक झाल्यावर ये, मग तुझें ऐकूं." असें सांगणाऱ्यानें पुढें तें ऐकण्यास विलंब लावतां कामा नये. आधीं तोंड बंद करावयाचें आणि नंतर कान बंद करावयाचे, ही न्यायाची रीत नव्हे.

मतदारसंघांत दोन निवडणूक अर्ज दाखल झाले. एक श्री. गोरंट्याल ह्यांचा, दुसरा एका साध्या मतदाराचा. ही दुसरी गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. पराभूत उमेदवार न्यायालयांत जातो त्यांत त्याचा स्वार्थ असतो असें म्हणतां येतें. परंतु ज्याला स्वतःला आमदार व्हावयाचें नाहीं असा मतदार हि ह्या प्रश्नाचा वादी होऊं शकतो, हें आमच्या कायद्याचें भूषण आहे.

आतां पुरावा कोणता? निवडणूक आयोगाच्या व्यवस्थेप्रमाणें निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरींत व बाहेर चलच्चित्रण चालू होतें. कोण केव्हां आंत आला, कोणाच्या हातीं कोणता कागद होता, भिंतीवरच्या घड्याळांत किती वाजले होते, हें सर्व त्या चित्रांत उतरलें असणार. म्हणजे वाद मिटविणारा साक्षीदार सरकारच्याच ताब्यांत होता. मार्च २०१६ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तें मूळ चित्रण हजर करण्याचा हुकूम केला. तबकड्या हजर झाल्या. परंतु त्यांच्याबरोबर जो दाखला यावयास पाहिजे होता तो आला नाहीं.

हा दाखला कसला, हें वाचकांस सांगणें अवश्य आहे. सन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत सन २००० मध्यें ६५-ब हें कलम घालण्यांत आलें. संगणक, कॅमेरा, दूरध्वनी इत्यादि यंत्रांतून काढलेली प्रत न्यायालयांत पुरावा म्हणून मांडावयाची असेल, तर त्या यंत्राचा ताबा ज्याच्याकडे आहे त्यानें, "ही प्रत अमुक यंत्रांतून अमुक रीतीनें काढलेली आहे व यंत्र नीट चालत होतें," असा लेखी दाखला दिला पाहिजे. हेतु उघड आहे. यंत्रांतील मजकुरांत फेरफार करणें सोपें असतें. तेव्हां त्याची जबाबदारी कोणी तरी शिरावर घेतली पाहिजे. पण येथें अडचण अशी कीं, यंत्र सरकारचें, तबकडी सरकारची, दाखला देणारा अधिकारी सरकारचा, आणि हरकतहि त्या सरकारी कचेरीच्याच कृत्याविरुद्ध. अर्जदारांनीं दाखला मागितला, पुनःपुन्हां मागितला. तो मिळाला नाहीं. कुलूप घालणाऱ्यानेंच किल्ली खिशांत ठेवावी आणि दाराशीं उभ्या असलेल्यास म्हणावें कीं, "किल्ली आणल्यावांचून आंत येऊं नको," असा हा प्रकार झाला.

उच्च न्यायालयानें ह्यांतून मार्ग काढला. संबंधित अधिकाऱ्यांची साक्ष व उलटतपासणी झाली. तींत चित्रण कसें झालें, तबकड्या कशा जमा होत, ह्याची माहिती बाहेर आली. ती साक्ष दाखल्याच्या ठिकाणीं पुरेशी मानून न्यायालयानें चित्रण पुराव्यांत घेतलें. २४ नोव्हेंबर २०१७ रोजीं खंडपीठानें निकाल दिला कीं, अर्ज विहित वेळेंत दाखल झालेले नव्हते, ते अयोग्यपणें स्वीकारण्यांत आले, सबब श्री. खोतकर ह्यांची निवडणूक रद्द आहे. श्री. खोतकर त्या वेळीं राज्यमंत्री होते. प्रकरण अपिलांत सर्वोच्च न्यायालयाकडे गेलें आणि उच्च न्यायालयाच्या निकालास स्थगिती मिळाली.

सर्वोच्च न्यायालयांत प्रश्न वाढला. यंत्रजन्य पुराव्याविषयीं त्या न्यायालयाचेच पूर्वींचे निर्णय परस्परविरोधी होते. सन २०१४ मध्यें अन्वर ह्यांच्या प्रकरणांत दाखला अनिवार्य ठरला होता. सन २०१८ मध्यें शफी मोहंमद ह्यांच्या प्रकरणांत, ज्याच्या ताब्यांत यंत्र नाहीं त्यास दाखल्याची सक्ति नाहीं, असें म्हटलें गेलें. तेव्हां जुलै २०१९ मध्यें प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोंपविण्यांत आलें. न्या. नरीमन, न्या. रवींद्र भट व न्या. रामसुब्रमणियन् ह्यांच्या पीठानें १४ जुलै २०२० रोजीं अंतिम निकाल दिला. अन्वर प्रकरणाचा नियम खरा, दाखला अनिवार्यच. मूळ यंत्र स्वतः मालकानें न्यायालयांत हजर केलें तर मात्र दाखल्याची गरज नाहीं. शफी मोहंमद प्रकरणाचा निर्णय रद्द. परंतु ज्यानें दाखला मिळविण्यासाठीं शक्य तें सर्व केलें, न्यायालयाचे हुकूमहि मिळविले, आणि तरीहि ज्यांच्याकडे दाखला आहे त्यांनीं तो दिला नाहीं, त्याची त्या अटींतून सुटका आहे. कारण अशक्य गोष्ट करावयास कायदा कोणास भाग पाडीत नाहीं. जालन्याच्या अर्जदारांस हें तत्त्व लागू झालें. शिवाय चित्रण बाजूस ठेविलें तरी इतर पुराव्यावरूनहि उच्च न्यायालयाचा निकाल टिकतो असें ठरलें. अपील फेटाळलें गेलें आणि दोन्ही अर्जदारांस प्रत्येकीं एक लाख रुपये खर्च देण्याचा हुकूम झाला.

आतां ह्या निकालावर जो मुख्य आक्षेप घेतला जातो त्याचा विचार करूं. आक्षेपक म्हणतात कीं, पंचेचाळीस हजार लोकांनीं ज्यास मत दिलें त्याची निवड त्रेपन्न मिनिटांच्या उशिरासाठीं रद्द करावी, हें लोकशाहीचें रक्षण कीं घड्याळाची पूजा? लोकांनीं लांच घेऊन मत दिलें असा आरोप नाहीं, मतपेटी पळविली असा आरोप नाहीं. मग मतदाराचा दोष काय? आक्षेप वरवर पाहतां भारदस्त आहे, आणि तो नुसता हंसून घालवावा असा नाहीं.

आमचें उत्तर असें. मोंढ्यांत सौद्याची वेळ ठरलेली असते. ती वेळ टळल्यावर आलेल्या गाडीचा माल एखाद्या आडत्यानें ओळखीच्या शेतकऱ्यासाठीं लिलावांत घुसडला, तर तो माल वाईट होता असें कोणी म्हणत नाहीं. पण ज्याची गाडी वेळेंत आली व ज्याची गाडी उशिरा आल्यामुळें परत गेली, त्या दोघांवरहि अन्याय झाला असें सारा मोंढा म्हणतो. वेळेचा नियम हा निवडणुकींतील असा एकमेव नियम आहे कीं, ज्यांत अधिकाऱ्याच्या मर्जीस जागा नाहीं. अर्जांतील दोष क्षुल्लक कीं गंभीर, हें अधिकारी ठरवितो. सही खरी कीं खोटी, हें तो पारखतो. परंतु तीन वाजले कीं नाहीं, हें घड्याळ ठरवितें. ह्या नियमांतहि मर्जी शिरली, तर आज त्रेपन्न मिनिटें बलवानासाठीं वाढतील आणि उद्यां तींच त्रेपन्न मिनिटें दुर्बळासाठीं दारावर कुलूप होतील. महाराष्ट्रांतील कोणत्याहि कचेरीच्या दाराशीं तीन वाजून पांच मिनिटांनीं पोंचलेला आणि हात हलवीत परत गेलेला अपक्ष उमेदवार हा ह्या प्रकरणांतील अदृश्य पक्षकार आहे. त्याला नियम लागू, आणि मोठ्या पक्षाच्या उमेदवारास सवलत, असें झालें तर कायद्यापुढें सर्व समान हें वचन कागदावरच राहील. मतदारानें ज्या पंक्तींतून निवड करावयाची ती पंक्ति नियमाप्रमाणें बसली पाहिजे. तसें झालें नाहीं तर मतदाराचीच फसवणूक होते. पंचेचाळीस हजार मतें हीं लोकांची पसंति दाखवितात ह्यांत संशय नाहीं. पण दुसरीकडे चव्वेचाळीस हजार सातशें ब्यायशीं मतेंहि आहेत, आणि त्यांच्या उमेदवारानें नियम पाळला होता, हें विसरून कसें चालेल?

तेव्हां निकालाविषयीं आमची तक्रार नाहीं. आमची तक्रार आहे ती त्याच्या तारखेविषयीं.

तारखा पाहा. मतदान १५ ऑक्टोबर २०१४. अंतिम निकाल १४ जुलै २०२०. पांच वर्षें नऊ महिने. विधानसभेची मुदत पांच वर्षांची. मध्यंतरीं २१ ऑक्टोबर २०१९ रोजीं नवी निवडणूक होऊन, तींत श्री. गोरंट्याल पंचवीस हजारांहून अधिक मतांनीं निवडूनहि आले. म्हणजे ज्या जागेसाठीं वाद चालला होता ती जागा, तो सभासद आणि ती विधानसभा, तिन्ही नाहींशीं झाल्यावर सुमारें साडेआठ महिन्यांनीं, तो सभासद कायद्यानें निवडून आला नव्हता असें अखेरचें ठरलें. मराठींत ह्यास वरातीमागून घोडें असें म्हणतात. पांच वर्षें जालन्याच्या वतीनें विधानसभेंत जो बसला, ज्यानें मंत्रिपदहि भूषविलें, त्याच्या तेथें बसण्याचा हक्कच नव्हता असें ठरलें. आणि तरीहि त्या पांच वर्षांतील एक दिवसहि कोणास परत मिळाला नाहीं.

कायद्यांत शीघ्रतेची तरतूद नाहीं काय? आहे, आणि स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचें ८६ वें कलम सांगतें कीं, निवडणूक अर्जाची सुनावणी शक्य तोंवर रोजच्या रोज चालवावी व अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा.   अर्ज दाखल करण्याची मुदत निकालापासून पंचेचाळीस दिवसांची आहे. तीहि धरली तरी सन २०१५ चें वर्ष सरण्यापूर्वींच उच्च न्यायालयांतील जालन्याचा वाद मिटावयास पाहिजे होता. प्रत्यक्षांत उच्च न्यायालयांत सुमारें तीन वर्षें व सर्वोच्च न्यायालयांत अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. पंचेचाळीस दिवसांची मुदत नागरिकावर आहे व ती एक दिवसहि वाढत नाहीं. सहा महिन्यांची मुदत न्यायालयावर आहे व ती केवळ "प्रयत्न" ह्या एका शब्दाच्या आडोशानें कितीहि लांबते. नागरिकास हुंडीची मुदत आणि न्यायसंस्थेस मात्र सदिच्छेची, हा भेद आम्हांस सहन होण्यासारखा वाटत नाहीं.

जालन्याचें प्रकरण एकटें असतें तर अपवाद म्हणून सोडून देतां आलें असतें. तसें नाहीं. सन १९७१ च्या लोकसभा निवडणुकीवरील राजनारायण ह्यांच्या अर्जाचा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयानें १२ जून १९७५ रोजीं दिला. त्यास चार वर्षें लागलीं, व त्याचे परिणाम साऱ्या देशानें भोगले. मुंबईंत विलेपार्ले येथील डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीचा निकाल उच्च न्यायालयानें एप्रिल १९८९ मध्यें रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का त्यावर ११ डिसेंबर १९९५ रोजीं पडला. ह्याच्या उलट इंग्लंडांतील उदाहरण घ्या. मे २०१० च्या निवडणुकींत ओल्डहॅमच्या एका मतदारसंघांत फिल वूलस नांवाचे गृहस्थ १०३ मतांनीं निवडून आले. प्रतिस्पर्ध्याविषयीं खोटी विधानें केल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध अर्ज झाला. त्यासाठीं खास बसलेल्या दोन न्यायाधीशांच्या न्यायालयानें ५ नोव्हेंबर २०१० रोजीं निवडणूक रद्द केली, आणि १३ जानेवारी २०११ रोजीं तेथें नवी निवडणूक पार पडली. आठ महिने! ज्यांच्या अमलाखालून सुटण्यासाठीं आपण एवढा झगडा केला त्यांच्याकडून त्यांच्या न्यायालयाचें घड्याळ तेवढें घ्यावयाचें राहून गेलें, असें म्हणण्याची पाळी यावी हें स्वाभिमानी राष्ट्रास शोभत नाहीं. आपल्याकडेहि पूर्वीं निवडणूक अर्जांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें होतीं. सन १९६६ मध्यें तीं बंद करून तें काम उच्च न्यायालयांकडे देण्यांत आलें. दार बदललें, दाराबाहेरची रांग मात्र तशीच राहिली.

मराठवाड्याच्या लोकांस तर ह्या विषयाचें महत्त्व अधिक वाटावयास पाहिजे. मुंबई-पुण्याकडील लोक ब्रिटिश अमलांत थोडेबहुत मतदान शिकले होते. आमच्या वाडवडिलांनीं निजामाच्या राज्यांत जबाबदार राज्यपद्धतीची नुसती मागणी केली तरी त्यांस तुरुंग दाखविण्यांत आला. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखालीं जो लढा झाला, त्याचें फळ १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हातीं आलें. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनीं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत जालन्याच्या शेतकऱ्यानें व विणकऱ्यानें, पुरुषानें व स्त्रीनें, मत दिलें तें अशा किंमतीचें होतें. ज्या हक्काची किंमत एवढी मोठी, त्याचा हिशेब कोण कसा ठेवतो, हें विचारण्याचा अधिकारहि तेवढाच मोठा आहे.

उपाय काय, हें सांगितल्यावांचून टीका अपुरी राहील. पहिला उपाय: प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर उच्च न्यायालयाच्या प्रत्येक खंडपीठांत एक न्यायमूर्ति केवळ निवडणूक अर्जांसाठीं नेमावा आणि ते निकालांत निघेपर्यंत त्यांस दुसरें काम देऊं नये, कायद्यांतील "प्रयत्न करावा" हे शब्द काढून, विलंब झाल्यास त्याचीं कारणें लेखी नमूद करण्याचें बंधन घालावें. दुसरा उपाय: निवडणूक कचेरींत होणाऱ्या चित्रणाचा दाखला मागाहून मागावा लागूं नये, ज्या दिवशीं चित्रण झालें त्याच दिवशीं सायंकाळीं अधिकाऱ्यानें तो करून तबकडीबरोबर मोहोरबंद ठेवावा. जालन्यांत एवढें झालें असतें तर निम्मा वाद वाढलाच नसता. तिसरा उपाय: शेवटच्या दिवशीं तीन वाजतांच त्या वेळेपर्यंत आलेल्या अर्जांची क्रमवार यादी, वेळेच्या नोंदीसह, कचेरीच्या दारावर लावावी व उपस्थित उमेदवारांच्या तीवर सह्या घ्याव्या. ह्यास पैसा लागत नाहीं, कायदा बदलावा लागत नाहीं. एक कागद, एक खिळा आणि एक प्रामाणिक हात पुरतो.

चौथी गोष्ट उपाय नव्हे, इशारा आहे. डिसेंबर २०२४ मध्यें निवडणूक संचालनाच्या १९६१ च्या नियमांतील ९३ वा नियम बदलून, निवडणुकीचें चित्रण व तत्सम यंत्रजन्य नोंदी सामान्य नागरिकास पाहण्याची वाट अरुंद करण्यांत आली. मे २०२५ मध्यें निवडणूक आयोगानें सूचना काढली कीं, निवडणूक अर्ज दाखल झाला नाहीं तर निकालानंतर पंचेचाळीस दिवसांनीं तें चित्रण नष्ट करतां येईल. चित्रणाचा दुरुपयोग होतो, खोट्या कंड्या पिकविल्या जातात, असें आयोगाचें म्हणणें आहे. त्यांत तथ्य असेलहि. परंतु जालन्याच्या मतदारानें ह्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. अर्ज केल्यावांचून चित्रण राहणार नाहीं; आणि चित्रण पाहिल्यावांचून अर्जास आधार काय, हें कळणार नाहीं. जो साक्षीदार सरकारच्या घरीं राहतो, सरकारच्या हुकुमानें बोलतो आणि दीड महिन्यांत मरतो, त्याच्यावर लोकांनीं किती भिस्त ठेवावी?

ह्या प्रकरणाचें एक अनपेक्षित फळहि नमूद केलें पाहिजे. आज देशांतील कोणत्याहि न्यायालयांत दुकानांतील कॅमेऱ्याचें चित्र, भ्रमणध्वनीवरील संदेश किंवा संगणकावरील खातेंउतारा पुरावा म्हणून मांडला गेला, कीं वकील ज्या निकालाचा आधार घेतात तो ह्या जालन्याच्या वादाचा निकाल होय. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुराव्याच्या कायद्याऐवजीं भारतीय साक्ष्य अधिनियम अमलांत आला. त्याच्या ६३ व्या कलमांत दाखल्याचा नियम कायम ठेवून त्याचा नमुनाहि ठरवून दिला आहे, व यंत्राच्या ताबेदाराबरोबर तज्ज्ञाचीहि सही त्यावर लागते. आमच्या व्यापारी वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. उधारीचा तगादा आतां संदेशांवर चालतो आणि मालाची पोंच छायाचित्रावर. तंटा उद्भवल्यास दाखल्यावांचून तो पुरावा लंगडा ठरेल. एका आमदारकीच्या भांडणांतून साऱ्या देशाच्या वहिवाटीस वळण लागलें, हें जालन्याच्या पदरीं पडलेलें श्रेय लहान नाहीं.

राहतां राहिला मतदार. त्यानें आपलें काम न्यायालयाहून पुष्कळ लवकर केलें आहे. २०१९ सालीं त्यानें श्री. गोरंट्याल ह्यांस निवडून दिलें. २०२४ च्या नोव्हेंबरांत पुन्हां श्री. खोतकर ह्यांस ३१,६५१ मतांच्या अंतरानें निवडून दिलें, आणि त्या निवडीनें त्यांच्या माथ्यावरचा २९६ मतांचा वाद लोकांपुरता तरी मिटविला. लोकसभेच्या निवडणुकींत २००९ सालीं श्री. रावसाहेब दानवे ह्यांनीं श्री. कल्याण काळे ह्यांचा ८,४८२ मतांनीं पराभव केला होता. २०२४ सालीं त्याच श्री. काळे ह्यांनीं, सलग पांच वेळां निवडून आलेल्या श्री. दानवे ह्यांस १,०९,९५८ मतांनीं मागें सारलें. जालन्याचा मतदार कोणास कायमचें मिरासपत्र लिहून देत नाहीं, हें ह्यावरून दिसतें. तो चुकत असेल, तर पांच वर्षांनीं आपली चूक आपण दुरुस्त करतो. त्यासाठीं त्यास कोणाचा दाखला लागत नाहीं. ज्यांच्या हातीं कायद्याचें घड्याळ आहे त्यांनीं तेवढ्या तत्परतेनें आपलें काम करावें, एवढीच त्याची मागणी आहे. ती मागणी वाजवी आहे, ती जुनी आहे, आणि पुढच्या निवडणुकीपूर्वीं ती पुरी करून घेणें हें मत देणाऱ्या प्रत्येकाचें काम आहे.